सोसायटी ग्रुप : स्टिल्टमधली खोकी

पाटीलकाका ए-२०१: सुप्रभात. लिफ्टसमोर बावीस खोकी पडली आहेत. आज गाडी काढायला दहा मिनिटं लागली. एजीएमचा ठराव आहे, स्टिल्ट पार्किंगमध्ये सामान ठेवायचं नाही. खोकी रविवारपर्यंत हलवा.

सावंत बी-४०३: आफ्रिकेला चाललीत म्हणे. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं 😀

मेघना ए-५०२: रूथताई मिशनतर्फे मलावीत कॉलऱ्याच्या रुग्णांची सेवा करून आल्या, त्याबद्दल इथे लिहिलं होतं, म्हणून लोकांनी कपड्यांची खोकी आणून ठेवलीत. चांगलं काम आहे. जरा सांभाळून घ्या.

पाटीलकाका ए-२०१: काम चांगलंच आहे. ठरावही आहे. खोकी रविवारपर्यंत हलवा.

निनाद बी-१०१: काका, गणपतीचे बांबू सप्टेंबरपासून तिथेच आहेत. त्याला ठराव लागत नाही का?

सावंत बी-४०३: बांबू सोसायटीचे आहेत. विषय भरकटवू नका.

रूथताई बी-६०४: पाटीलसाहेब, त्रास झाला, माफ करा. पण मी कपडे मागितले नव्हते. तिथे काय घडलं एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी खाली आले तर पिशव्यांचा ढीग. एका खोक्यात फाटक्या जीन्स, एकात एकच चप्पल.

मेघना ए-५०२: ताई, लोकांनी प्रेमाने दिलंय हो.

रूथताई बी-६०४: मेघना, प्रेम कळतं गं. पण मलावीला समुद्र नाही. माल मोझांबिक नाहीतर टांझानियाच्या बंदरात उतरवून पुढे रस्त्याने न्यावा लागतो. शिवाय जुन्या कपड्यांचे गठ्ठे तिथल्या बाजारात आधीच भरपूर. त्यांना ते लोक 'काउंजिका' म्हणतात. आपल्या साड्या तिथे कोण नेसणार? पैसे पाठवले तर मक्याचं पीठ, साबण, क्लोरीन तिथेच मिळतं, दुकानदारही तिथलाच जगतो.

सावंत बी-४०३: मग बोहारणीला द्या. दोन पातेली येतील.

कुलकर्णी ए-३०३: स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे मिशनवाले मदतीच्या नावाखाली धर्मप्रचारच करतात ना? आणि आपल्या मोखाड्यात कमी गरिबी आहे का?

निनाद बी-१०१: काका, हे जरा जास्त होतंय.

रूथताई बी-६०४: निनाद, विचारू दे. कुलकर्णीसाहेब, मलावीत बहुसंख्य लोक आधीच ख्रिस्ती आहेत. मी कोणाला बाटवणार? आमच्या तंबूत मुस्लिम बायाही होत्या. सगळ्यांना एकच ओआरएस. मदतीचा उपयोग धर्म पुढे रेटायला करायचा नाही, हे रेड क्रॉस आणि इतर संस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेत आहे. नसतं तरी मी केलं नसतं.

रूथताई बी-६०४: आणि मोखाडा. १९९२ ला वावर-वांगणीची मुलं कुपोषणाने गेली तेव्हा मी शेजारच्या जव्हारला नोकरीवर होते. तेव्हा ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. अकरा वर्षं काढली तिकडे. तेव्हा मला कोणी विचारलं नाही, घरी का नाही बसत म्हणून.

पाटीलकाका ए-२०१: खोकी रविवारपर्यंत हलवा.

मेघना ए-५०२: काका, प्लीज!! ताई, तुम्ही सांगा.

रूथताई बी-६०४: कॉलऱ्याच्या खाटेला मध्ये भोक असतं, खाली बादली. अंगातलं किती पाणी गेलं ते मोजायचं आणि तेवढं ओआरएस तोंडाने द्यायचं. फारच गळून गेला तर सलाईन. १९७१ ला पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीसांनी हेच साखर-मिठाचं पाणी देऊन हजारोंना वाचवलं. ते २०२२ च्या ऑक्टोबरात गेले. मी मलावीतल्या नर्सेसच्या हाताखाली होते, मोठं काही केलं नाही. बादल्या उचलल्या, धुतल्या. येशूने शिष्यांचे पाय धुतले ते लहानपणापासून ऐकत आले, बादली उचलताना तेच डोळ्यांपुढे असायचं. रात्री खाटेशी मनातल्या मनात प्रार्थना करायचे. कोणाला ऐकू जाईल अशी कधी केली नाही.

रूथताई बी-६०४: मी फेब्रुवारीत परत आले. २०२३ च्या मार्चमध्ये फ्रेडी चक्रीवादळाने मलावीतल्या ब्लँटायरचे डोंगर खाली आणले. सहाशेच्या वर माणसं गेली, पाचशेहून जास्त बेपत्ता. आणि कॉलऱ्याने दीड हजारांवर गेलेच आहेत. आता विहिरींत घाण गेली असेल, म्हणून झोप लागत नाही. मेमध्ये परत जाणार आहे, माझ्या पैशाने.

कुलकर्णी ए-३०३: वावर-वांगणीचं माहीत नव्हतं. चुकलं असेल तर क्षमस्व. पैसे कुठे पाठवायचे ते वेगळं कळवा.

सावंत बी-४०३: ताई, चप्पल माझ्या मुलाची. दुसरी सापडलीय, खाली आणून ठेवतो.

रूथताई बी-६०४: नको, घरीच ठेवा. धड कपडे मी रविवारी वेगळे काढते, जव्हारच्या एका आश्रमशाळेने मुलींचे मागितलेत. बाकी बोहारणीला. निनाद, सकाळी सातला येशील?

निनाद बी-१०१: येतो ताई.

पाटीलकाका ए-२०१: जव्हारला टेम्पो सांगितलाय का?

रूथताई बी-६०४: नाही हो अजून.

पाटीलकाका ए-२०१: भाच्याचा आहे. डिझेल तुमचं. खोकी रविवारपर्यंत हलली पाहिजेत.

मेघना ए-५०२: काका 🙏

देशमुख ए-१०४: पाणी आज सहाला की सातला? कोणीतरी सांगा, टाकी रिकामी आहे.