गर्बजदगी : पश्चिमबाधा, पश्चिमग्रस्तता की आणखी काही?

शाईडाग
एका दिवाळी अंकासाठी इराणच्या जलाल आले-अहमद आणि अली शरियती या विचारवंतांवर लेख लिहितेय. आले-अहमदच्या १९६२ च्या पुस्तकाचं नावच 'गर्बजदगी'. मी 'पश्चिमबाधा' केलं होतं. संपादकांनी खोडून 'पाश्चात्त्य प्रभाव' लिहिलं. म्हणे, बाधा म्हटलं की मांत्रिक आठवतो. मला 'प्रभाव' अगदीच पुळचट वाटतोय. 'गर्ब' म्हणजे पश्चिम. फारसीत 'जदन' म्हणजे मारणं, म्हणून 'जदा' म्हणजे तडाखा बसलेला. लेखक सुरुवातच पटकीपासून करतो, मग ऊन लागणं, थंडी बाधणं असं म्हणत गव्हाच्या किडीवर येतो. वरून टरफल शाबूत, आतून दाणा खलास. यात प्रभाव कुठे बसतो?
दुसरी अडचण शरियतीच्या 'मुस्तजअफीन' या शब्दाची. मी 'शोषित' लिहिलंय, पण समाधान नाही.

पंतोजी_निवृत्त
'जदा' म्हणजे जन्मलेला. शहाजादा, हरामजादा. तेव्हा 'पश्चिमोद्भव' म्हणा. सोपं आहे.

मिरजवाला
पंत, शहाजाद्यातला 'जादा' वेगळा, त्यात आकार आहे. हा आखूड 'जदा', गमजदा आणि दहशतजदातला. आमच्याकडे उर्दूत 'मगरिबजदा' सर्रास म्हणतात, मगरिब म्हणजेही पश्चिमच. माझे मामू टाय लावणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचे, आणि स्वतः कोट घालून शाळेत शिकवायला जायचे.

पंतोजी_निवृत्त
आकार आखूड होतोच बोलताना. शेवटी मूळ एकच असणार.

खपली
शेतकरी म्हणून एक शंका. किडीचं नाव काय दिलंय? दाणा आतून पोखरतात ते साठवणीतले सोंडे. शेतातली कीड वेगळी.

शाईडाग
खपलीदादा, फारसीत 'सेन' आहे. उभ्या गव्हावर येते, ओंबीतल्या दाण्याचा रस शोषते. म्हणजे आपल्याकडे भातावर लोंबीवरचा ढेकण्या येतो त्याच्या जातीची. गंमत अशी, की एका इंग्रजी भाषांतरात पटकीचा क्षय झालाय आणि या किडीचे सोंडे! त्याच भाषांतरकाराने नाव 'ऑक्सिडेंटोसिस' केलं. दुसऱ्या कुणी 'वेस्टॉक्सिफिकेशन' केलं, म्हणजे थेट विषबाधा.

खपली
मग बाधाच बरोबर. आमच्याकडे ऊन बाधतं, पाणी बाधतं, शिळं खाल्लेलं बाधतं. त्याला मांत्रिक लागत नाही. संपादकांना एकदा मे महिन्यात पाठवा इकडे.

उंबरठा
मला 'बाधा' दुसऱ्या कारणासाठी खटकते. बाधेत बाधित माणूस निर्दोष असतो. आले-अहमद तसं म्हणतच नाही. त्याचा राग आपल्याच लोकांवर आहे : यंत्र विकत घेता, पण ते बनवता येत नाही आणि त्यामागचं डोकंही समजून घेत नाही. हा गृहस्थ मौलवी घराण्यातला, तरुणपणी तूदेह या कम्युनिस्ट पक्षात गेला, १९४८ च्या सुमारास फुटून बाहेर पडला. मॉस्कोपुढे मान तुकवणं त्याला झेपलं नव्हतं. तेव्हा त्याच्या 'गर्ब'मध्ये रशियाही येतो. यंत्र बनवणारे सगळे तिकडचे, विकत घेणारे सगळे इकडचे. 'पश्चिम' लिहिलंत की वाचक फक्त लंडन-न्यूयॉर्क धरून चालेल. (आणि मूळ शब्द त्याचा नाहीच. तो अहमद फर्दीद या इराणी तत्त्वज्ञाकडून उचललेला. फर्दीदचा भर यंत्रावर नाही, ग्रीकांपासून चालत आलेल्या तत्त्वज्ञानावर.)

भाषाव्रती
मुळात इतकी फारसी उचलायचीच कशाला? शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो याचसाठी. 'पश्चिमाहत' हा चांगला, शुद्ध शब्द आहे.

मिरजवाला
'पश्चिमाहत' वाचून मला कुणीतरी पश्चिमेला वाहत चाललंय असं वाटलं.

शाईडाग
मुस्तजअफीनकडे कुणी पाहील का? प्लीज.

मिरजवाला
ताई, तो तर तुमच्या घरातला शब्द आहे! आजोबा 'जईफ' झाले म्हणतो ना, त्याच धातूचा. अरबीत जईफ म्हणजे दुबळा, मराठीत येऊन म्हातारा झाला. पण मुस्तजअफ म्हणजे नुसता दुबळा नाही. ज्याला दुबळा ठरवलंय, दुबळा करून ठेवलंय तो. कुणीतरी हे केलंय, हे त्या रूपातच आहे.

उंबरठा
म्हणजे 'दलित'सारखं. तिथेही दळणारा कुणीतरी गृहीत आहे.

मिरजवाला
व्याकरण तेच. पण शब्द तोच वापरू नका. १९७२ च्या पँथरनंतर त्या शब्दाला इथला पत्ता चिकटलाय. शरियतीच्या तोंडी घातलात तर वाचक भलत्याच गल्लीत शिरेल.

खपली
तुकोबांचे रंजलेगांजले?

शाईडाग
सुचलं होतं, पण त्यांना आपण जवळ घ्यायचं असतं. कुराणात, सूरह अल-कससमध्ये, मुस्तजअफ लोकांना पृथ्वीचे वारस करण्याची गोष्ट आहे. शरियती हाबील-काबील या आदमच्या मुलांची कथाही तशीच वाचतो, त्यात काबील हाबीलला मारतो. हाबील मेंढपाळ, कुरणं सगळ्यांची. काबील शेतकरी, जमीन मालकीची. पहिला खून म्हणजे खासगी मालमत्तेचा जन्म. मार्क्सकडून एवढं घेतो आणि पुढे त्याच्याशीच भांडतो, कारण मार्क्सवादही त्याच्या मते पश्चिमेच्याच जडवादाचं पोर.

खपली
शेतकऱ्याला खुनी केला होय! मग तुमचा शरियती राहू दे बाजूला. 'नाडलेले' घ्या. नाडणारा त्यातही दिसतो.

शाईडाग
'नाडलेले' आवडला. पण तेहरानात १९७९ पासून 'बुनियाद-ए-मुस्तजअफान' आहे, शहाच्या घराण्याच्या जप्त मालमत्तेवर उभी राहिलेली. 'नाडलेल्यांची संस्था' लिहिलं तर उपरोध होईल.

उंबरठा
होऊ दे की. खरं तेच होईल.

भाषाव्रती
न्याय, समता असे स्वच्छ शब्द असताना ही उठाठेव. यांच्याकडे न्यायाला तरी शब्द आहे का? अदालत म्हणजे कोर्ट.

मिरजवाला
साहेब, फारसीत अदालत म्हणजे न्यायच. कोर्ट म्हणजे 'दादगाह'. अदालतीचं कोर्ट हिंदुस्थानात झालं. १९०६ च्या घटनाक्रांतीआधी इराणी लोक 'अदालतखाना' मागत होते, म्हणजे न्यायाचं घर. शिया पंथात तर 'अद्ल' हे श्रद्धेच्या पाच मूलतत्त्वांत मोजतात. शरियतीला न्यायासाठी पॅरिसला जावं लागलं नाही. तिथे तो पीएचडीला गेला.
आणि दादगाहमधला 'दाद' म्हणजेही न्याय. तुम्ही तहसीलदाराकडे दाद मागता तेव्हा स्वच्छ फारसी बोलता.

भाषाव्रती
दाद हा 'दा' धातूपासून आला आहे. देणे, दान, दाद. संस्कृतच.

पंतोजी_निवृत्त
सहमत.

खपली
मग गाण्याच्या बैठकीत दाद देतात ती कुठली? आणि आमच्या हिंदी भाषिक मुकादमाच्या पायावर दाद आलीय ती?

मिरजवाला
बैठकीतली दाद तीच, गाण्याला न्याय देणं. मुकादमाचा नायटा मात्र संस्कृत आहे, 'दद्रु'पासून. तो भाषाव्रतींनी खुशाल घ्यावा.

भाषाव्रती
वैयक्तिक टीका नको. 'दद्रु'चा आणि दादेचा संबंध नाही हे कशावरून?

शाईडाग
अंक उद्या छपाईला जातोय हो.

पंतोजी_निवृत्त
'दादा' या शब्दाचंही मूळ पाहायला हवं. त्यावर एक टिपण लिहिलं होतं, सापडलं की टाकतो.