नाशिकला आलेल्या पाहुण्याला नेमकं दाखवायचं काय?

गोदाकाठची
मागच्या आठवड्यात नात्यातली सात माणसं दोन दिवस आमच्याकडे होती. रामकुंड, काळाराम, तपोवन, त्र्यंबकेश्वर, एका सकाळी मिसळ, जाताना पिशवीत चिवडा. गाडीत बसता बसता त्यांच्यातली नववीतली मुलगी म्हणाली, "मावशी, नाशिकला देवळं सोडून बघायला काहीच नाही का गं?" फार लागलं मला ते. चूक तिची नव्हती, मी दाखवलंच नव्हतं.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, त्यामुळे जो तो नवं काहीतरी उभारायच्या गोष्टी करतोय. माझं मत उलट आहे. नवं काही बांधू नका. जे आहे ते समजावून सांगणारी माणसं तयार करा.

पांडवलेण्यांचंच घ्या. एकूण २४ लेणी, बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली, आणि माणसं वर जाऊन विचारतात भीम कुठे बसायचा. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, मिळून ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव ठेवली. मुद्दल काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातल्या २००० वर महिन्याला शेकडा १ व्याज. म्हणजे महिन्याचे २०, वर्षाचे २४०. त्यातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या २० भिक्खूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. वीस बारा दोनशे चाळीस, हिशोब चोख! सुमारे १९०० वर्षांपूर्वीची मुदत ठेव, नाशिकच्या दगडावर. गोवर्धन गाव आजही गंगापूर रोडला आहे. हे कुणी त्या मुलीला तिथे उभं करून सांगितलं असतं, तर तिने तो प्रश्न विचारला असता का?

पुण्याचा पाहुणा
ताई, तळमळ कळली, पण पटलं नाही. आम्ही दिवाळीनंतर आलो होतो. वडील ७४ वर्षांचे, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. लेण्यांच्या पायऱ्या त्यांनी खालूनच बघितल्या आणि म्हणाले, "तुम्ही जाऊन या." आम्ही वर गेलो. गाईड कुणी नव्हता, आणि असता तरी बाबांना त्याचा काय उपयोग? ते आयुष्यभर बँकेत होते. तुम्ही सांगितलेला व्याजाचा लेख सगळ्यात जास्त त्यांनाच आवडला असता.

म्हणून म्हणतो, नवं बांधायलाच हवं. गावात एकच चांगलं संग्रहालय. लेखांचे ठसे, मराठीत अर्थ, नाणी, गोदावरीच्या पुरांचे फोटो, बसायला बाक, स्वच्छ स्वच्छतागृह, लिफ्ट. बाहेरच्या माणसाच्या हातात एक दिवस असतो. त्याने अंजनेरी, सराफ बाजार, भगूर, सिन्नर अशी चार टोकं कशी गाठायची?

जुनी नाणी
एकाच इमारतीत सगळं आणलं की सगळ्याचा जीव जातो, असं मला वाटतं. कारण सांगतो. दहाव्या लेण्यात नहपानाच्या जावयाचा लेख. तिथून काही पावलांवर तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख. ती सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला, असं ती त्यात सांगते, आणि नहपान क्षहरातच. हरलेला आणि जिंकलेला एकाच डोंगराच्या कुशीत! पुढे १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या १३ हजारांवर नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या बहुतेक नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. असं नाणं भिंगातून बघितलं की नव्या छापाखालून जुन्या राजाचं नाक-डोळे डोकावतात.

नाणकशास्त्राची संशोधन संस्था १९८० पासून अंजनेरीला आहे, नाण्यांच्या संग्रहालयासकट. त्र्यंबकला जाणारे सगळे त्याच रस्त्याने जातात. वेगळी वाट करायची गरजच नाही. गाडी थांबवायला कुणी सांगत नाही, एवढंच.

रविवार कारंजा रिक्षा
मी बावीस वर्षं रिक्षा चालवतोय, रोज पाहुणे बसतात, म्हणून लिहितो. त्यांना 'पाच ठिकाणं' हवी असतात आणि चारची गाडी गाठायची असते. अंजनेरीला थांबू का विचारलं तर म्हणतात, नको, परत येताना बघू. परत येताना झोपलेले असतात.

पण घाटावर मी दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीसमोर हमखास उभं करतो. सांगतो, आम्ही नाशिककर पूर याच्यावर मोजतो. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला लागलं. गळ्याला आलं की सराफ बाजारातले लोक दुकानातला माल वर चढवायला लागतात. २०१६ च्या ऑगस्टमधला माझ्या मोबाईलमधला फोटो दाखवतो. तेव्हा लहान पोरंसुद्धा गप्प होऊन वर बघतात, एवढं उंच पाणी? दोन मिनिटांचं काम आहे. माणूस जिथे येतोच, तिथेच त्याला सांगा. ना नवी इमारत लागते, ना डोंगर चढावा लागतो.

पंचवटीकर
इथे देवळांबद्दल जो सूर लागलाय तो मला खटकला. 'देवळं सोडून काही नाही का' म्हणे. माणसं श्रद्धेने येतात, त्यांना विद्यार्थी समजून शिकवायला जाऊ नका. आमच्या गल्लीत रंगपंचमीला रहाड उघडते तेव्हा आधी पूजा होते, मग धप्पकन उड्या. पेशव्यांच्या काळापासूनचे हे हौद, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. ते आमचं आहे, तिकीट लावून दाखवायची वस्तू नाही. हल्ली ड्रोन घेऊन येतात, बायकापोरांना मोकळेपणाने रंगात उतरता येत नाही.

गोदाकाठची
पंचवटीकर दादा, रहाडीचं तुमचं म्हणणं मान्य. तिथे पाहुण्याने यावं ते पाहुण्यासारखं.

पण काळारामाला श्रद्धेने येणाऱ्याला शिकवू नका, हे मी मान्य करणार नाही. २ मार्च १९३० ला याच देवळाच्या दारात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. माणसांना रामाचं दर्शन नाकारलं होतं आणि ती पुढची काही वर्षं दाराशी येत राहिली. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. माझ्याकडच्या सातही जणांनी त्या दारातून आत पाऊल टाकलं, कुणालाही यातलं अक्षर माहीत नव्हतं, आणि मीही बोलले नाही. दर्शनाच्या रांगेत अर्धा तास उभं राहतोच ना आपण? तेवढ्या वेळात हे कळलं तर श्रद्धा कमी होत नाही.

रिक्षावाल्या दादांचं मात्र पटलं. माझ्या डोक्यात लेणी आणि अंजनेरीच होती, घाट मी धरलाच नव्हता.

पुण्याचा पाहुणा
माझा हट्ट मी सोडलेला नाही. लेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे, तिथे गाडी थेट जाते. संग्रहालय राहू द्या, पण त्याच पायथ्याला दहाव्या लेण्यातल्या लेखाचा एक ठसा, शेजारी मराठी अर्थ आणि समोर एक बाक, एवढं तरी कुणी करेल का? काल बाबांना तो हिशोब फोनवर वाचून दाखवला. त्यांनी दोनदा विचारलं, उरलेल्या हजाराला व्याज किती होतं?

जुनी नाणी
शेकडा पाऊण. बाबांना सांगा, वर्षाचे ९० होतात.