एकाच खुनाच्या केसमध्ये एकाला जामीन, दुसऱ्याला नाही, असं का?

विचारतोय_बापडा:
ओळखीतल्या एका पोराची केस आहे, कलम १०३ (खून), आरोपी पाच. चौथ्याला सेशन कोर्टातून जामीन मिळाला आणि ह्याचा अर्ज फेटाळला, तेच कोर्ट, तोच महिना. घरचे म्हणतात जजनं आधीच गुन्हेगार ठरवून टाकलंय. खरंच असं असतं का?

काळा_कोट:
नाही हो, जामिनाच्या वेळी दोषी की निर्दोष हे ठरतच नाही. पहिल्यांदा बघतात रोल, म्हणजे एफआयआर आणि साक्षीदारांच्या जबाबात कुणाच्या हातात काय दिलंय ते. एकानं कोयता मारला आणि दुसरा बाहेर मोटरसायकल चालू ठेवून उभा होता, तर कलम दोघांना तेच पण अर्जाचं वजन वेगळं. पॅरिटी, म्हणजे सहआरोपीला मिळाला तसाच मलाही द्या असं मागता येतं, पण रोल सारखा असला तरच. मग हत्यार कुणाकडून जप्त झालं, आधीचे गुन्हे आहेत का, पळून जाईल का, साक्षीदाराला दमदाटी करेल का. बघणारा साक्षीदार शेजारच्याच घरातला असेल तर सरकारी वकील आपल्या 'से' मध्ये (अर्जावरच्या लेखी उत्तरात) त्यावरच जोर देतात, आणि जामीन झालाच तरी तालुक्यात पाय ठेवायचा नाही अशी अट पडते.

नव्वद_दिवस:
चार्जशीट आली का ते आधी सांगा!! खुनात पोलिसांना ९० दिवस असतात. तेवढ्यात दाखल नाही केली तर डिफॉल्ट बेल हा हक्कच आहे, तिथं गुन्हा किती गंभीर हे बघतच नाहीत. दिवस अटकेपासून नाही, रिमांडपासून (कोर्टानं कोठडी दिली तेव्हापासून) मोजायचे, रिमांडचा पहिला दिवस धरून (२०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय). पण अर्ज चार्जशीटच्या आधी पडायला हवा, लोक दुपारपर्यंत झेरॉक्स काढत बसतात आणि तेवढ्यात तिकडे चार्जशीट दाखल.

तारीख_पे_तारीख:
'जामीन हा नियम, तुरुंग अपवाद' हे १९७७ पासून ऐकतोय. यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), पीएमएलए (मनी लाँडरिंगचा कायदा) लागलं की सगळं उलटं, पीएमएलए मध्ये तर आरोपी दोषी नाही असं मानायला कोर्टालाच वाजवी कारण दिसावं लागतं, खटला सुरू व्हायच्या आधी! तरी २०२१ च्या नजीब केसमध्ये यूएपीए असूनही जामीन टिकला, कारण माणूस पाच वर्षांहून जास्त आत आणि २७६ साक्षीदार तपासायचे बाकी. दिल्लीचे माजी उपमुख्यमंत्री सिसोदियांना २०२४ मध्ये १७ महिन्यांनी मिळाला तोही मुख्यतः खटला रखडला म्हणूनच.

विचारतोय_बापडा:
चार्जशीट वेळेत आलीये, ८६ व्या दिवशी. मग आता रस्ता बंद?

काळा_कोट:
बंद कसला, हायकोर्ट आहे ना. आधी चार्जशीटची पूर्ण कॉपी घ्या आणि ह्याचं नाव कुठल्या साक्षीदारानं, कितव्या जबाबात घेतलंय ते शोधा. पहिल्या जबाबात नाव नाही आणि वीस दिवसांनी पुरवणी जबाबात अचानक आलं, असं काही असेल तर तो मुद्दा वकिलाला आधी दाखवा.