मदत हवी आहे : ठाण्यात चित्रं काढायला उत्तरेच्या उजेडाची खोली

नमस्कार मंडळी. नौपाड्यातल्या ज्या खोलीत मी अकरा वर्षं तैलचित्रं काढतेय, ती इमारत पुनर्विकासाला चाललीये. दिवाळीपर्यंत खोली रिकामी करायची आहे.

पाचपाखाडी, चरई किंवा वागळे इस्टेटमध्ये भाड्याने एखादी खोली किंवा छोटा गाळा कुणाला माहीत आहे का? खिडकी उत्तरेला हवी. तिथून थेट ऊन फारसं येत नाही, उजेड दिवसभर सारखा राहतो, रंग फसवत नाहीत. हवा खेळती हवीच, टर्पेंटाइनचा वास कोंडला की डोकं धरतं. आणि भिंतीला ओल नको. गेल्या पावसाळ्यात दोन कॅनव्हासना मागून बुरशी आली, अजून जीव हळहळतो.

घरी का नाही काढत, असं सगळे विचारतात. त्या खोलीत मी रोज काढतेच असं नाही हो. कित्येक दुपारी नुसती स्टुलावर बसून अर्धवट चित्राकडे बघत राहते, आणि मग अचानक दिसतं की आभाळातला निळा जास्त झालाय. घरी कुकरच्या शिट्ट्यांत ते दिसत नाही.

आणखी एक, रंगांच्या वासावरून सोसायटीने हरकत घेतल्याचा अनुभव कुणाला आहे का? करारात आधीच काय लिहून घ्यावं?