फ्यूजनची वीज येईल तेव्हा तिला जागा उरलेली असेल का?

रातकिडा:
मित्राशी दोन दिवस वाद चाललाय, अर्धवट सोडवत नाही म्हणून इथे टाकतोय. तो म्हणतो फ्यूजन (हलके अणू एकमेकांत जोडून ऊर्जा काढणं) आलं की सौर, वारा, अणुभट्ट्या सगळं भंगारात. मी म्हणतो येईलही, पण तोवर तिची जागा दुसऱ्याने धरलेली असेल. १९५५ ला जिनिव्हाच्या अणुपरिषदेत खुद्द होमी भाभा अध्यक्षपदावरून म्हणाले होते की दोन दशकांत फ्यूजन काबूत आणायची पद्धत सापडेल. आता सत्तर वर्षं झाली. फ्रान्समध्ये अनेक देश मिळून बांधताहेत त्या इटर नावाच्या फ्यूजन यंत्राचंच बघा, २००६ ला करार, पहिला प्लाझ्मा (ज्यात फ्यूजन होतं तो अतितप्त वायू) २०१६ ला म्हणाले, मग सरकत सरकत २०२५, आणि २०२४ ला सांगितलं की संशोधन २०३४ ला सुरू अन खऱ्या इंधनाचे प्रयोग २०३९ ला. एवढं करून तो ग्रिडला एक युनिट देणार नाही, कारण ते प्रयोगाचं यंत्र आहे.

बोला. फक्त ते "सूर्य पृथ्वीवर आणणार" वगैरे नको, वाचून कान किटले.

ठिणगी:
सपशेल असहमत. सत्तर वर्षं लोक काय माशा मारत बसले नव्हते. १९५८ ला ब्रिटिशांनी झीटा नावाच्या यंत्रात फ्यूजन झालं म्हणून गाजावाजा केला आणि तोंडघशी पडले, फ्यूजनची खूण मानलेले न्यूट्रॉन भलत्याच कारणाने येत होते. त्यामुळे १९६८ ला रशियन जेव्हा म्हणाले आमच्या टोकामॅकमध्ये (चुंबकांनी प्लाझ्मा कोंडणारं कड्यासारखं यंत्र) एक कोटी अंश गाठलेत तेव्हा कुणी विश्वास ठेवेना, मग ऐन शीतयुद्धात ब्रिटिश टीम आपलं लेझर घेऊन मॉस्कोला गेली, मोजलं, आणि आकडा खरा निघाला! आता कुठे आहोत बघा. इंग्लंडच्या जेट नावाच्या टोकामॅकने २०२३ ला पाच सेकंदांत ६९ मेगाज्यूल काढले, इंधन ०.२ मिलिग्रॅम. मिलिग्रॅम म्हणतेय मी. आणि ५ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेत १९२ लेझर किरणांनी २.०५ मेगाज्यूल इंधनाच्या बारीक गोळीत टाकून ३.१५ बाहेर काढले.

वायरमन:
ठिणगीताई, ३.६ मेगाज्यूल म्हणजे बिलातलं एक युनिट. म्हणजे तुमचे ते ३.१५ एक युनिटसुद्धा नाही, आणि तीही नुसती उष्णता, वीज नाही. ते लेझर चार्ज करायला भिंतीतून साधारण ३०० मेगाज्यूल ओढले होते, म्हणजे ८३ युनिट. ८३ दिले, पाऊणच्या थोडं वर मिळालं. असा धंदा कोण करेल?

ठिणगी:
वायरमनदादा, ते यंत्र वीज करायला बांधलेलंच नाही, लेझर जुन्या जमान्यातले आहेत. १९५१ ला फिशनच्या (जड अणू फोडून केलेल्या, आजच्या अणुभट्ट्यांतल्या) विजेवर पहिल्यांदा चार बल्ब लागले, तेव्हाही कुणीतरी म्हणालं असेलच की चार बल्बांसाठी एवढा खटाटोप? खरी बातमी चुंबकांची आहे. २०२१ ला नव्या सुपरकंडक्टिंग (विजेला अडथळा न करणाऱ्या) टेपचा, २० टेस्ला (चुंबकी क्षेत्राचं माप) देणारा मोठा चुंबक चालवून दाखवला. क्षेत्र दुप्पट केलं की बाकी सगळं तसंच ठेवून तेवढ्याच जागेत सोळापट पॉवर मिळू शकते, म्हणजे इटरएवढा डोंगर बांधायची गरज नाही.

साधासुधा:
मधेच बोलतो. सूर्याच्या पोटात फ्यूजन दीड कोटी अंशांवर होतं आणि इथे पंधरा कोटी का लागतात? आपण सूर्यापेक्षा शहाणे?

ठिणगी:
सूर्य खरं तर भारीच आळशी आहे, त्याच्या गाभ्यात एका घनमीटरला तीनशे वॉटसुद्धा निघत नाहीत, खताच्या ढिगासारखी धग. तो अफाट मोठा म्हणून चालतं. आपल्याला छोट्या जागेत भरपूर हवंय म्हणून जास्त तापवायचं.

वायरमन:
चुंबक झकास आहेत, मान्य. पण माझं आयुष्य औष्णिक केंद्राच्या मेंटेनन्समध्ये गेलंय म्हणून सांगतो, अडचण तापवण्यात नसते, दुरुस्तीत असते. बॉयलरची एक ट्यूब गळाली की अख्खा संच बंद, मग तो निवेपर्यंत बाहेर थांबायचं, मग मचाण बांधून आत शिरायचं, हाताने चाचपून गळती शोधायची, वेल्डिंग, चाचणी, आणि वरून फोन चालूच, कधी सुरू करताय कधी सुरू करताय. फ्यूजनमध्ये ८० टक्के ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन पळतो आणि तो सरळ भिंतीत घुसतो, धातू ठिसूळ होतो, वर किरणोत्सारीही होतो, म्हणजे माणूस आत जायचा प्रश्नच नाही, सगळं रोबोटच्या हातांनी. आणि एवढं करून शेवटी काय तर पाणी उकळून टर्बाइनच फिरवायचं! इंधन फुकट मिळालं तरी टर्बाइन, कंडेन्सर, कूलिंगचा खर्च सुटत नाही. सौर पॅनेलला यातलं काहीच लागत नाही आणि त्याचे भाव २०१० नंतरच्या दहा वर्षांत दहाव्या हिश्शावर आले.

साधासुधा:
आणि रात्री?

वायरमन:
बॅटरी. चार-सहा तास निघतात.

साधासुधा:
आठवडाभर ढग असले, वारा पडला तर? चार-सहा तासांनी काय होतंय.

बिनधास्त बंड्या:
च्यायला, फिशन समोर उभं आहे ते कुणाला दिसत नाही का? जगातली नऊएक टक्के वीज आजही तिथून येते, ढग असो नाहीतर रात्र.

ठिणगी:
दिसतं की. पण फ्यूजनमध्ये साखळी प्रक्रिया नाही, गडबड झाली की प्लाझ्मा स्वतःच विझतो. कचराही हजारो वर्षांचा नाही, योग्य धातू वापरले तर शंभरेक वर्षांचा.

रातकिडा:
ताई, ट्रिटियमवर, म्हणजे फ्यूजनच्या इंधनातल्या किरणोत्सारी हायड्रोजनवर, कुणीच बोललं नाही अजून. दर १२.३ वर्षांनी ते आपोआप निम्मं होतं, म्हणजे साठवून ठेवायचीही सोय नाही. जगात नागरी वापराचा साठा तीसेक किलो, तोही बहुतेक कॅनडाच्या पद्धतीच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून निघालेला, आणि एक गिगावॉट फ्यूजन वर्षभर चालवायला पन्नासच्या वर किलो लागतं. म्हणजे बंड्याच्या फिशनच्याच जिवावर उडी.

ठिणगी:
लिथियमच्या आवरणात न्यूट्रॉन अडवून तिथल्या तिथे बनवायचं, असा प्लॅन आहे.

रातकिडा:
प्लॅन आहे. जाळलं त्यापेक्षा जास्त बनवून दाखवलंय कुणी?

ठिणगी:
नाही. पूर्ण यंत्रात अजून कुणीच नाही, आणि हो, ही माझ्याही बाजूची सगळ्यात कच्ची जागा आहे, चुंबकांपेक्षा कच्ची. तरी पैसे थांबवा असं मी म्हणणार नाही. तुमच्या मित्राला एवढं सांगा की भंगारवाल्याला इतक्यात फोन करू नको.

वायरमन:
ते रोबोट आवरणाचे तुकडे किती दिवसांत बदलतात, हे कुणाला कळलं तर इथे टाका. मला तेवढंच बघायचंय.