जर्दाळूच्या बिया आणि पीचच्या पानांपासून बदामाचा अर्क

मीठमोहरी
नानकटाई आणि मॅकरूनसाठी कृत्रिम बदाम इसेन्स नको आहे, घरी नैसर्गिक अर्क करायचाय. सुक्या जर्दाळूंमधून निघालेल्या बिया पाव किलोभर साठल्यात. आतला बदाम काहींचा गोड, काहींचा चांगलाच कडू. शिवाय न्यू जर्सीत बहिणीच्या परसात पीचचं झाड आहे, पानं चुरगळली की अगदी बदाम इसेन्सचाच वास येतो. वाटून, पाण्यात भिजवून, कुकरच्या शिट्टीला नळी लावून अर्क उतरवला तर? यात हायड्रोजन सायनाइड हे विष असतं, पण ते 26 अंशांनाच उकळतं म्हणतात, म्हणजे आधी थोडं उकळलं की ते उडून जाईल ना?

अत्तरवाला
कुकरचा बेत आधी रद्द करा ताई. वास आणि विष एकाच रेणूतून निघतात, एकास एक. बीमध्ये अ‍ॅमिग्डालिन असतं, पानांत प्रुनासिन. अख्ख्या बीला वास नसतो. ती कुटली आणि पाणी लागलं की बीतलंच एन्झाइम त्या रेणूचे तुकडे पाडतं: ग्लुकोज, बेन्झाल्डिहाइड (हाच तो बदामाचा वास) आणि हायड्रोजन सायनाइड. 1 ग्रॅम अ‍ॅमिग्डालिनमधून साधारण 230 मिलिग्रॅम बेन्झाल्डिहाइड निघतं आणि त्याच्यासोबत 59 मिलिग्रॅम सायनाइड.

26 अंशांचा हिशोब शुद्ध द्रवाचा आहे. पाण्यात ते विरघळून राहतं, शिवाय बेन्झाल्डिहाइडशी जोडी जमवून मँडेलोनायट्राइल बनवतं. ते वाफेबरोबर अर्कात उतरतं आणि पुढे बाटलीत पुन्हा सुटं होतं. उघड्यावर बराच वेळ उकळलंत तर वासही वाफेवर जातो, आणि उडालेलं सायनाइड ओट्यापाशी उभं असलेल्या माणसाच्याच नाकात. कारखान्यात चुना आणि फेरस सल्फेट घालून सायनाइड बांधून टाकायची, मग तेल पुन्हा ऊर्ध्वपातित करायची जुनी पद्धत आहे, आणि प्रत्येक घाण्याची तपासणी होते. घरी ते 'गेलं' हे कळणार कशावरून? नाकावर भरवसा ठेवू नका. सायनाइडचा वासही कडू बदामासारखाच, आणि पुष्कळांना तो येतच नाही.

मीठमोहरी
मग बिया भाजून घेतल्या तर? परदेशी पाककृतींत ओव्हनमध्ये भाजून दुधात उकळतात.

काठगोदाम
भाजल्याने एन्झाइम मरतं, अ‍ॅमिग्डालिन बरंचसं तसंच राहतं. म्हणजे दुधात वास कमी उतरतो, आणि राहिलेलं अ‍ॅमिग्डालिन आतड्यातले जिवाणू फोडतात. दोन्हीकडून तोटा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2016 मध्ये हिशोब मांडला होता: प्रौढाने एका वेळी तीनपेक्षा जास्त छोट्या कच्च्या बिया, किंवा मोठीच्या अर्ध्याहून जास्त, खाल्ली तर सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. लहान मुलाला एक छोटी बीही जास्त.

तुमच्या बियांची निवड करा. टोकाचा कण जिभेवर ठेवून बघा, कडू लागला की थुंका आणि ती बी फेकून द्या. गोड निघतील त्या साध्या बदामासारख्या वापरा: उकळत्या पाण्यात मिनिटभर, साल काढा, वाळवा, 160 अंशांवर 12-15 मिनिटं, मॅकरूनच्या पिठात. लडाखचा रक्त्से कार्पो जर्दाळू तर गोड, पांढऱ्या बीसाठीच ओळखला जातो. फक्त त्यांना 'तो' वास येणार नाही, गोड बदामालाही कुठे येतो? कडू बियांचं तेल घाण्यावर काढलं तरी त्यात तो वास फारसा उतरत नाही, कारण अ‍ॅमिग्डालिन तेलात विरघळत नाही, पेंडीत राहतं. ती पेंड गुरांना घालू नका.

अत्तरवाला
पानांबद्दल राहिलं. कोवळ्या पानात प्रुनासिन जास्त, जुन्यात कमी, त्यामुळे 'दहा पानं एक लिटर दुधाला' असल्या कुठल्याही मापाला अर्थ नाही. याच कुळातल्या चेरी लॉरेलच्या पानांचं पाणी पूर्वी स्वयंपाकात आणि ब्रँडीत वासासाठी घालत. 1731 च्या सुमारास आयर्लंडमध्ये डब्लिनला ते पिऊन माणसं दगावली, तेव्हा कुठे त्याचं विष नीट चर्चेत आलं.

भट्टी_आणि_बट्टा
नैसर्गिकच हवं असेल तर सायनाइड काढलेलं कडू बदामाचं तेल घ्या. लेबलवर 'एफएफपीए' (FFPA) लिहिलेलं असतं, म्हणजे प्रुसिक आम्ल, अर्थात हायड्रोजन सायनाइड, काढून टाकलेलं. खाद्य दर्जाचं आणि तपासणीचा दाखला असलेलंच, अत्तराच्या दुकानातलं नको. 1 मिलि तेल 99 मिलि व्होडकात घाला, झाला 1 टक्क्याचा अर्क, बाजारातल्या चांगल्या अर्काइतका. नुसत्या पाण्यात एवढं तेल विरघळत नाही, थेंब खाली बसतात. मोजायला काचेचा ड्रॉपर वापरा, काही प्लॅस्टिक मऊ पडतं.

पाव किलो मैद्याच्या नानकटाईला पाव चमचा पुरतो. जास्त झालं की खोकल्याच्या औषधाची चव येते आणि मागून कडवटपणा. बासुंदीत घालायचं तर गॅस बंद करून कोमट झाल्यावर, नाहीतर वाफेबरोबर उडेल. बाटली गडद रंगाची, छोटी आणि गळ्यापर्यंत भरलेली. हवा लागली की बेन्झाल्डिहाइडचं बेंझोइक आम्ल होतं. झाकणाखाली पांढरे खडे दिसले की समजा तो माल गेला. मूळ तेलाची कुपी मात्र कुलपात ठेवा, सायनाइड नसलं तरी विरळ न केलेलं ते पोटात जाता कामा नये.

मीठमोहरी
तेलच मागवते. कडू बिया कचऱ्यात टाकू की कंपोस्टमध्ये?

काठगोदाम
अख्ख्याच टाका, कुटू नका. कंपोस्टमध्ये कुत्री-कोंबड्या उकरत असतील तर थेट कचऱ्यात.