आरसा छोटा, पण आवाका मोठा

"हबल या अवकाश दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा, मग अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरची ३८ सेंमी आरशाची यूव्हीआयटी ही अतिनील दुर्बीण कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. पण नुसत्या आरशावर जाऊ नका. यूव्हीआयटीच्या एका चित्रात जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढं आकाश मावतं. हबलच्या चित्रात त्याचा जेमतेम एक तुकडा. शिवाय तिचा डिटेक्टर एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, मोजतो आणि त्यात पार्श्वभूमीचा गोंगाट, म्हणजे नको असलेले संकेत, फार कमी असतो.

याचा फायदा पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या कनक साहांच्या गटाने घेतला. २०१६ मध्ये हबलने आधीच पिंजून काढलेल्या भागाकडे त्यांनी २८ तासांहून जास्त वेळ दुर्बीण लावली आणि ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एयूडीएफएस०१ या दीर्घिकेचा प्रकाश पकडला. निघताना त्याची तरंगलांबी सुमारे ६० नॅनोमीटर होती. विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाऊन ती सुमारे १५० नॅनोमीटर झाली. एवढ्या लहान तरंगलांबीचा प्रकाश सहसा दीर्घिकेतला हायड्रोजनच गिळून टाकतो, म्हणून तो बाहेर निसटलेला दिसणं दुर्मीळ. शोधनिबंध २०२० मध्ये आला.

अर्थात, बारकाव्यात हबल सरसच. आणि यूव्हीआयटीची निकट-अतिनील (दृश्य प्रकाशाच्या जवळचा अतिनील प्रकाश टिपणारी) वाहिनी २०१८ मध्येच बंद पडली, ही हळहळ आहेच.